नाचघरातल्या सिस्टर

आमच्या घराला गल्लीत कोणी घर म्हणतच नसे. कोणी पत्ता विचारला की कोपऱ्यावरचा न्हावी कात्री हवेत धरून सांगायचा, "सरळ जा, नाचघराच्या पुढे डावीकडे." शाळेत माझ्या मैत्रिणी मला विचारायच्या, "तुम्ही जेवताना पण नाचता का गं?"

नाच शिकवायची ती माझी आत्या, बाबांची मोठी बहीण. जोडीने, हातात हात घेऊन करायचे नाच. बाबा दिवसा लोकांच्या घरी जाऊन पियानो सुरात लावायचे आणि संध्याकाळी आत्याच्या वर्गाला पियानो वाजवायचे. आई खाली दाराशी लोकांचे कोट आणि छत्र्या सांभाळायची. ती म्हणायची, "या घरात नाच न येणारी मी एकटीच आहे, म्हणून घर चाललंय."

घर मुळात आमचं नव्हतंच. फार पूर्वी एका कापडाच्या व्यापाऱ्याने ते बांधलं होतं. त्याला पुष्कळ मुली होत्या म्हणे, आणि त्यांची लग्नं जमावीत म्हणून त्याने पहिल्या मजल्यावर एक लांबलचक दिवाणखाना काढला. रस्त्याच्या बाजूला उंच खिडक्या, समोरच्या भिंतीला छतापर्यंत आरसे, छताला प्लास्टरच्या द्राक्षवेली. मुलींची लग्नं जमली की नाही ते कोणालाच ठाऊक नाही, पण जमीन मात्र त्याने फार नामी करून घेतली होती. फळ्या थेट तुळयांवर न ठोकता मध्ये आडव्या-उभ्या पट्ट्या घातलेल्या, त्यामुळे पायाखाली ती किंचित लवायची. नाचून घरी गेलेल्या माणसाचे गुडघे दुसऱ्या दिवशी दुखत नसत. आजोबांनी ते घर व्यापाऱ्याच्या वारसांकडून घेतलं ते केवळ त्या जमिनीसाठी, असं आत्या सांगायची.

आत्याने लग्न केलं नाही. सडपातळ, ताठ, नाकावर माशी बसू न देणारी बाई. सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणायचे. पुरुषांनी आरशांच्या बाजूला उभं राहायचं, बायकांनी खिडक्यांच्या बाजूला, आणि बाईंनी टाळी वाजवली की मध्ये यायचं, हा नियम. मी पायरीवर बसून बघायचे. बेकरीवाला पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या बुटांना पीठ होतं आणि कपाळाला घाम. त्याच्या वाट्याला टोपी शिवणारी एक अबोल मुलगी आली. दोन फेऱ्यांत त्याने तिच्या पायावर इतक्यांदा पाय दिला की शेवटी ती म्हणाली, "तुम्ही माझ्या पायांवरच उभे राहा, मी नाचवते तुम्हाला." पुढे त्या दोघांनी लग्न केलं. अशी लग्नं त्या खोलीत बरीच जमली. व्यापाऱ्याने ज्यासाठी दिवाणखाना बांधला ते काम उशिरा का होईना, मार्गी लागलं.

दिवस काही तसेच राहत नाहीत. आधी आई गेली. मग लोकांना तसे नाच शिकायची हौस राहिली नाही. मी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेले, तिथे नोकरी धरली. बाबा एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेले आणि पियानोचं झाकण बंद झालं. आत्याचे गुडघे कुरकुरायला लागले, तसंच छप्परही. पन्हळीतून पाणी झिरपून द्राक्षवेलींवर डाग पडले. दुरुस्ती करायची तर पालिकेने दाराशेजारी 'ऐतिहासिक वास्तू' अशी पाटी ठोकलेली. खिळा मारायचा तरी परवानगी लागे. आत्या म्हणायची, "पाटी लावणाऱ्यांनी बादली पण द्यायची होती, गळतं त्याखाली ठेवायला."

घर विकायचं ठरलं. पहिल्यांदा एक हॉटेलवाला आला. त्याने दिवाणखान्यात उभं राहून हात पसरले आणि म्हणाला, "इथे बार मस्त होईल." आत्याने त्याला जिना दाखवला. मग एक वकील आला, त्याला जमीन उचकटून संगमरवर घालायचा होता. त्याला तिने जिनाही दाखवला नाही, नुसतं बोट दाखवलं.

तिसऱ्या खेपेला दोन नन आल्या. त्यांचं जुनं मठघर नव्या पुलाच्या रस्त्यात गेलं होतं. त्यातल्या उंच, रुंद खांद्यांच्या बाई त्यांच्या प्रमुख. सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. त्या पूर्वी नर्स होत्या, त्यामुळे घराकडेही त्या आजारी माणसाकडे पाहावं तशा पाहत होत्या. भिंतीवर तळवा ठेवून ओल बघितली, छताकडे बघून "हं" म्हणाल्या. त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून आले होते.

"इथे तुम्ही काय करणार?" आत्याने विचारलं.

"प्रार्थना."

"फक्त प्रार्थना?"

"बाकीची कामं दिवसभर बाहेर असतात. दवाखाना, वृद्धांच्या घरी जाणं. इथे शांत बसायचं."

"या खोलीत आजवर कोणी शांत बसलेलं नाही," आत्या म्हणाली.

"मग खोलीही दमली असेल," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिला मोठ्या सिस्टर आवडल्या होत्या, पण ते कबूल करण्यापेक्षा तिने जीभ चावून घेतली असती. तिने दोन अटी घातल्या. जमिनीला हात लावायचा नाही, आणि ती जिवंत असेपर्यंत तळमजल्यावरची मागची खोली तिची. मोठ्या सिस्टरनी दोन्ही मान्य केल्या. आरशांवरून थोडं अडलं. सिस्टरना आरसे नको होते आणि पालिकेला ते हवे होते. शेवटी आरशांवर पांढरे पडदे लावायचे ठरले.

"मी तुझ्याकडे आले तर काय करणार?" मी तिला माझ्याकडे चल म्हटलं तेव्हा आत्या म्हणाली. "तुझ्या घरात लिफ्ट आहे. लिफ्टवाल्या घरात माणूस म्हातारा होतो." मग म्हणाली, "पण वर मी पाऊल टाकणार नाही हं. संपलं ते. दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसायचं?"

मी तिची खोली लावून दिली. पलंग, शिवणाचं टेबल, बाबांचं स्टूल. पियानो एका शाळेला दिला. आत्या तो जाताना दाराशी उभी राहिली नाही. स्वयंपाकघरात चमचे धूत राहिली.

पुढचं सगळं मला फोनवर कळत गेलं. पहिले काही आठवडे आत्याचा सूर बरा होता. सिस्टर सूप आणून देतात, दार हळू लावतात, कपडे फार छान वाळत घालतात. मग एक दिवस ती फोनवर कडाडलीच.

"डोक्यावर मिरे वाटतात गं या बायका!"

"काय झालं?"

"पहाटे उठून वर जातात. जातात त्या जातात, धाड धाड धाड, एक आत्ता, एक मग. बसतात त्याही अशाच, पोती टाकावी तशा. मग उभ्या राहतात, परत बसतात, गुडघे टेकतात. एकीचं संपलं की दुसरीचं सुरू. अगं, एकत्र का नाही करत? माझ्या छताला ताल म्हणून नाही!"

मी म्हटलं, "आत्या, प्रार्थना आहे ती."

"प्रार्थना देवाला ऐकू जायची आहे ना? मला का ऐकवतात?"

मी हसले, तर तिने फोन आपटला. पण मला काळजी वाटली. आयुष्यभर वरच्या पावलांवर कान ठेवून जगलेली बाई. बाबा असताना ती स्वयंपाकघरात असली तरी वर कोण चुकतंय ते सांगायची. आता त्याच छताखाली ती एकटी पडून ऐकत होती.

त्यानंतरच्या शनिवारी मी तिला भेटायला गेले. सकाळची वेळ होती. मी चहा टाकत होते, तेवढ्यात वर प्रार्थना सुरू झाली. धाड, धाड, मग थोड्या वेळाने आणखी एक धाड. आत्याने कप खाली ठेवला. काठी घेतली. मी "अगं, आत्या" म्हणेपर्यंत ती जिन्यात होती. गुडघे दुखत असतानाही ती ज्या ताठपणे चढली ते पाहून मी तिला हात द्यायलाही धजले नाही.

दिवाणखान्याच्या दारात ती थांबली. प्रार्थना संपेपर्यंत थांबली, तेवढी रीत तिला होती. आत पांढरे पडदे, साधी बाकं, समोर एक दिवा. सिस्टर उठून बाहेर यायला लागल्या आणि मोठ्या सिस्टरना दारात आत्या दिसली.

"बाई, तुम्ही वर?"

"यावंच लागलं. तुम्हाला चालता येत नाही."

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. मोठ्या सिस्टर मात्र शांत होत्या. "फळ्या जुन्या आहेत बाई. फार आवाज करतात. आम्हीही हैराण आहोत."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" आत्या म्हणाली. "या फळ्यांवर शेकडो माणसं नाचली आणि खाली माझी भावजय मजेत डुलकी काढायची. फळ्या चांगल्या आहेत. तुम्ही टाच आधी टाकता."

मागच्या एका तरुण सिस्टरने तोंडावर हात धरला. मोठ्या सिस्टरनी आपल्या बुटांकडे पाहिलं, मग आत्याकडे. "मग काय टाकायचं?"

इतकंच हवं होतं. आत्याने काठी माझ्या हातात दिली, बाकाच्या पाठीला धरलं आणि चालून दाखवलं. चवडा आधी, मग वजन, मग टाच. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. फळी नुसती श्वास घेतल्यासारखी खाली गेली आणि वर आली. आवाज नाही.

"या बघू एकेक," ती म्हणाली.

मोठ्या सिस्टर आधी आल्या. त्यांना जमेना. दवाखान्याच्या लांब वऱ्हांड्यांतून धावपळ करत आयुष्य गेलेलं, टाच आपटायचीच. आत्याने त्यांना परत पाठवलं. परत. परत. "तुम्हाला स्वतःचे पाय दिसत नाहीत हीच अडचण आहे," ती म्हणाली, आणि काही विचार न करता भिंतीपाशी जाऊन पडद्याची दोरी ओढली.

आरसे उघडे पडले. खिडक्यांचं ऊन आरशातून उलटं येऊन सगळ्यांच्या अंगावर पडलं. सिस्टर जागच्या जागी थांबल्या. त्यांच्या जुन्या घरात आरसा नव्हता, हे मला नंतर कळलं. तरुण सिस्टरने पटकन मान खाली घातली. दुसऱ्या एकीने डोक्यावरचं वस्त्र नीट केलं आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन लाजली. सगळ्यांत वृद्ध सिस्टर, भिंत धरून चालणाऱ्या, हळूहळू आरशाजवळ गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "मी केव्हा आईसारखी दिसायला लागले?"

आत्यालाही आपण काय उघडलं ते कळलं असावं. ती दोरी हातात धरून उभी होती. "पाडू का परत पडदा?" तिने कधी नव्हे त्या मऊ आवाजात विचारलं.

मोठ्या सिस्टरनी वृद्ध सिस्टरकडे पाहिलं. "राहू दे थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "त्यांना आईशी बोलू दे."

त्या दिवसापासून आत्या आठवड्यातून एकदा वर जायला लागली. सिस्टर तिला जिन्यात दोन्ही बाजूंनी धरायच्या आणि ती त्यांना धरू द्यायची. पडदे सरकवून त्या चालायला शिकल्या, एकत्र बसायला, एकत्र उठायला. शिकवणी संपली की पडदे परत. "हुशार आहेत," आत्या मला सांगायची, "पण लाजतात. आपल्याकडे मुली यायच्या ना, त्यांच्यापेक्षा जास्त लाजतात." मोठ्या सिस्टर मात्र शेवटपर्यंत टाच आपटत राहिल्या. आत्याने त्यांच्यापुढे हात टेकले. "तुमच्यासाठी एक वेगळा देव ठेवलेला असणार, जरा बहिरा," ती त्यांना म्हणायची. त्यावर त्या दोघी हसत. दुपारी एकत्र चहा घेत. त्या आत्याच्या गुडघ्यांना औषध चोळून द्यायच्या आणि आत्या त्यांना सगळ्या गल्लीची कुळकथा सांगायची.

मग सिस्टरनी रविवारी दुपारी दिवाणखाना सगळ्यांसाठी खुला केला. ज्याला यायचं त्याने यावं, बसावं, जावं. त्यांना वाटलं चार-दोन शेजारी येतील. पहिल्याच रविवारी जिना भरला. आले ते बहुतेक म्हातारे. जोड्या, आणि जोडीतले एकटे उरलेले. मोठ्या सिस्टरना फार आनंद झाला, पण थोड्या वेळाने त्या खाली आत्याच्या खोलीत आल्या. चेहऱ्यावर कोडं.

"बाई, एक विचारू? लोक आले आहेत. पण सगळे पुरुष पडद्यांच्या भिंतीशी उभे राहिलेत आणि सगळ्या बायका खिडक्यांपाशी. बसा म्हटलं तर बसत नाहीत. आणि समोर दिव्याकडे कोणी बघतच नाही. एकमेकांकडे बघतायत."

मी तेव्हा तिथेच होते. आत्याने हनुवटी वर केली, आणि मला तिचे डोळे भरलेले दिसले.

"ते टाळीची वाट बघतायत," ती म्हणाली.

मोठ्या सिस्टरना सगळं समजावून सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला भीती होती की त्यांना राग येईल, प्रार्थनेच्या जागेचा अपमान वाटेल. त्या म्हणाल्या, "मग चला वर. मला त्यांच्यातलं कोण कोण ते सांगा. मी कोणासाठी प्रार्थना करते आहे ते मला कळायला हवं."

त्या दुपारी त्या दोघी दारापाशी खुर्च्या टाकून बसल्या आणि आत्या हळू आवाजात सांगत राहिली. तो ट्राम चालवायचा, डावा-उजवा कळायचा नाही म्हणून मी त्याच्या एका बुटाला लाल दोरा बांधला होता. त्या दोघी बहिणी, दोघींना एकच मुलगा आवडायचा, त्याने तिसरीशीच केलं. आणि तो, पाठीत वाकलेला, एकटाच खिडकीच्या बाजूला उभा आहे ना, तो बेकरीवाला. त्याची बायको तिथे उभी राहायची. बाकी पुरुष त्या बाजूला असले तरी हा आता तिच्याच जागेवर उभा राहिलाय.

बेकरीवाला पुढे रविवारच काय, रोज यायला लागला, आणि सिस्टरनी त्याला अडवलं नाही. भट्टीचं काम मुलाने घेतलं होतं, त्यामुळे दुपार मोकळी. खिडकीपाशी बसायचा, पाय जवळ घेऊन. एकदा तरुण सिस्टरने त्याला विचारलं, "आजोबा, काही मागायचं आहे का देवाकडे?" तो म्हणाला, "नाही हो. मी नुसता तिच्या पायांची माफी मागतो."

आत्या गेली ती एका वसंतातल्या दुपारी, आपल्याच पलंगावर. मोठ्या सिस्टर तिच्याजवळ होत्या. मी गाडीत होते, वाटेत. मला उशीर झाला म्हणून मी रडले, तेव्हा मोठ्या सिस्टरनी मला जवळ बसवलं. "शेवटी काही बोलली का?" मी विचारलं.

"बोलल्या ना. पायाखालची उशी काढा म्हणाल्या, गरम होतंय."

मला हसू आलं आणि मग आणखी रडू आलं. त्या नर्स होत्या, त्यांनी दोन्हीला वेळ दिला.

तिला निरोप द्यायला वर सगळे जमले. सिस्टर गायल्या. कोणी भाषण केलं नाही. मला वाटत होतं की त्या दिवशी घराशी माझं शेवटचं काय ते संपेल. आत्या गेली, खोलीवरचा आमचा हक्क गेला. मी कपाट रिकामं केलं, बाबांचं स्टूल तेवढं घेतलं. पण निघताना मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "खोली आम्ही पाहुण्यांसाठी ठेवतोय. पाहुणे म्हणजे मुख्यतः तुम्ही. येत जा."

म्हणून मी जाते. मोठ्या सिस्टरची पुढे दुसऱ्या गावच्या दवाखान्यात बदली झाली. वृद्ध सिस्टर गेल्या. बेकरीवालाही गेला. आता प्रमुख आहेत त्या पूर्वीच्या तरुण सिस्टर, आणि त्यांना चष्मा लागला आहे.

गेल्या वर्षी छताची दुरुस्ती झाली, तेव्हा दिवाणखान्याला रंग द्यायचा होता. पालिकेचं म्हणणं, जुना होता तोच रंग द्या. भिंती मधल्या काळात कधीतरी पांढऱ्या झालेल्या. सिस्टरनी मला फोन केला. "तुमच्या लहानपणी कुठला रंग होता?"

"फिकट पिवळा," मी पटकन म्हटलं. ट्रामवाल्याच्या बायकोला विचारलं तर ती म्हणाली, हिरवा, पोपटाच्या पिसासारखा. न्हाव्याचा मुलगा म्हणाला, गुलाबी, वडील नेहमी सांगायचे. त्यावरून आमची चांगलीच जुंपली. मी तर रागावले, घर कोणाचं होतं, माझं की न्हाव्याचं? शेवटी पालिकेचा माणूस पातळ पातं घेऊन आला आणि खिडकीशेजारचा एक तुकडा त्याने हलक्या हाताने खरवडला. पांढऱ्याखाली राखाडी अस्तर निघालं, अस्तराखाली निळा. दुधात बुडवल्यासारखा, अगदी फिकट निळा. त्याच्या खाली नुसता चुना.

आम्हां कोणालाच तो आठवत नव्हता. त्या खोलीत आम्ही सगळे वाढलो, प्रेमात पडलो, आणि भिंतीकडे एकानेही पाहिलं नव्हतं.

आता दिवाणखाना निळा आहे. परवा मी दुपारी जाऊन बाकावर बसले. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. सिस्टर चहा घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

"कसा वाटतो?" त्यांनी विचारलं.

मी बराच वेळ भिंतीकडे बघत होते. बाबांची पाठ, पियानोवर वाकलेली, आणि तिच्या मागे हा निळा. मला तो खरोखरच आठवायला लागला होता, की मी तो आत्ता लावत होते, कोण जाणे.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "हाच होता."